नागीण आणि गोगलगाय

अम्मीच्या डाव्या कुशीत पहिल्यांदा आग झाली तेव्हा मार्च महिना होता. दहावीच्या परीक्षा सुरू होत्या आणि मी सुपरव्हिजनच्या धावपळीत होतो. दोन दिवसांनी तिथं लाल पट्टा उठला, त्यावर पाण्याचे बारीक फोड आले. अम्मीला वाटलं झोपेत काहीतरी चावलं. बायकोनं गादी झटकली, पलंगाखाली बघितलं, पालीला शिव्या घातल्या. शेवटी शेजारच्या काकू डोकावल्या, एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर नागीण."

नागीण हा शब्द आमच्या मोहल्ल्यातही तेवढाच चालतो जेवढा पलीकडच्या आळीत. आणि त्याच्यासोबतची भीतीही. नागीण अंगाला वेढा घालत जाते, तिचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटलं की माणूस संपला, हे मी लहानपणापासून ऐकलंय. दोन गल्ल्या सोडून एक आजोबा नागीण उतरवतात. गेरू कालवून फोडांभोवती रेघ ओढतात, तोंडानं काहीतरी पुटपुटतात. त्यांच्या ओट्यावर सगळ्या जातीधर्मांची माणसं बसलेली असतात. अम्मीही बसली. जवळच्या एका डॉक्टरांनाही दाखवलं, त्यांनी 'उष्णतेचे फोड' म्हणून मलम दिलं. गेरू, मलम आणि माझ्या परीक्षा, यात सहा-सात दिवस गेले. या आजारावरची विषाणूविरोधी गोळी पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाली तर खरा उपयोग, हे मला नंतर कळलं.

दुआ आणि दम यांच्याशी माझं भांडण नाही. हुजूर (स.) यांना नमाजमध्ये विंचू चावला तेव्हा त्यांनी मीठ आणि पाणी मागवून दंशावर लावलं आणि सोबत सूराही पढल्या, अशी रिवायत आहे. म्हणजे मीठ-पाणीही आणि पढणंही. आम्ही मात्र पढणं ठेवलं आणि मीठ-पाण्याचा वक्त गमावला.

तीन आठवड्यांत फोड वाळले, खपल्या पडल्या. खाली फिकट डाग राहिले. माझ्या लेखी आजार संपला होता. अम्मीच्या लेखी तो आता सुरू झाला होता. "कपडा लगा तो भी आग लगती रे," ती म्हणायची. मी बघायचो तर कातडी कोरडी, साफ. मी पंचवीसएक वर्षं मुलांमध्ये काढली आहेत. पोटात दुखतंय म्हणून गृहपाठ टाळणारी मुलं मी चेहऱ्यावरून ओळखतो, असा माझा समज आहे. मी अम्मीलाही तसंच ओळखलं. म्हटलं, वय झालंय, अब्बा गेल्यापासून एकटी पडली आहे, लक्ष वेधून घेते. आणि तोंडावर म्हणालो, "अम्मी, सब्र करो."

तिनं साडी-ब्लाऊज सोडून दिला. अब्बांचा जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला मलमलचा कुर्ता घरात घालायला लागली, तोही डाव्या बाजूनं हातानं दूर धरून. एकदा पाहुणे आले तेव्हा मी तिला त्यावरून बोललो. लोक काय म्हणतील, असं काहीतरी. ती आत गेली आणि साडी नेसून बाहेर आली. पाहुणे असेपर्यंत ताठ बसून होती. ते गेल्यावर बायको मला म्हणाली, "तुम्ही त्यांचा चेहरा बघितला का?" मी बघितला नव्हता.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फार काही केलं नाही. कापसाच्या बोळ्यातून एक तंतू ओढला, उजव्या कुशीवर फिरवला. अम्मी गप्प. मग तोच तंतू डाव्या बाजूला टेकवला. अम्मी ओरडली. कापसाचा तंतू! मी दाराशी उभा होतो, हातात फाईल घेऊन. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "जखम बरी झाली आहे. नस बरी झालेली नाही."

त्यांनी रात्री घ्यायला प्रीगाबालिन नावाचं औषध लिहून दिलं. घरी आल्यावर माझ्या मुलीनं, ती नीटची तयारी करते, त्याची माहिती वाचून दाखवली. "अब्बू, हे कॅल्शियम चॅनेलवर काम करतं."

अम्मीनं लगेच विचारलं, "तो फिर हड्डी की गोलियां बंद करूं क्या?"

प्रश्न हसण्यासारखा वाटला, पण मलाही उत्तर येत नव्हतं. मी भाषा शिकवणारा माणूस. उर्दूच्या मुलांना मराठी शिकवतो, वेलांट्या-उकार दुरुस्त करतो. कॅल्शियम म्हणजे दूध, हाडं आणि खडू, एवढंच माझं ज्ञान. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुलीची पुस्तकं घेऊन बसलो. हट्टानं, आणि खरं सांगायचं तर अपराधी मनानं.

आधी नागिणीचंच सांगतो. हा कांजण्यांचाच विषाणू. लहानपणी कांजण्या येऊन जातात, पण विषाणू जात नाही. तो मणक्याजवळ नसांच्या मुळाशी, पेशींच्या एका गाठीत दबा धरून बसतो. पन्नास-साठ वर्षांनी प्रतिकारशक्ती ढिली पडली की एका नसेच्या वाटेनं बाहेर येतो. ती नस अंगाच्या ज्या पट्ट्यात पसरलेली असते त्याच पट्ट्यात फोड उठतात. डावी नस डावीकडेच असते, ती मधली रेघ ओलांडत नाही. म्हणून नागिणीचं तोंड आणि शेपूट सहसा भेटतच नाही. आजोबांच्या गेरूच्या रेघेचं यश हे असं शरीराच्या रचनेतच लिहिलेलं आहे.

पण जाताना विषाणू नस जाळून जातो. आणि जळालेली नस गप्प बसत नाही. कुणी न हाकलता ती मेंदूकडे वर्दी पाठवत राहते.

ही वर्दी जाते कशी, तिथं कॅल्शियम येतं. नसेतून संदेश विजेसारखा धावतो हे आपण शाळेत शिकतो. पण एक चेतापेशी संपते आणि दुसरी सुरू होते तिथं मध्ये फट असते. पुस्तकात तिला संपर्कस्थान म्हणतात. एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर एक भाग, एवढीच ती फट. पण वीज ती ओलांडू शकत नाही. तिथं विजेला उतरून रसायन व्हावं लागतं. पहिल्या पेशीच्या टोकाशी या रसायनानं भरलेल्या सूक्ष्म पिशव्या तयार असतात. वीज टोकाला पोचली की तिथल्या पडद्यातले दरवाजे उघडतात. हेच कॅल्शियम चॅनेल. पेशीच्या बाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट कॅल्शियम असतं, त्यामुळे दार किलकिलं झालं तरी ते आत घुसतं. ते आत आलं की पिशव्या पडद्याला चिकटून फुटतात, रसायन फटीत सांडतं आणि पलीकडची पेशी जागी होते. हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत.

हे कॅल्शियमशिवाय होत नाही, हे बर्नार्ड कॅट्झ आणि रिकार्डो मिलेदी या दोघांनी 1960च्या दशकात लंडनमध्ये दाखवलं. कॅट्झ हे लाइपझिगचे ज्यू, हिटलरच्या राजवटीत 1935 साली जर्मनी सोडून आलेले. मिलेदी मेक्सिकोचे. त्यांनी बेडकाच्या नसेभोवतालचं कॅल्शियम काढून घेतलं. वीज टोकापर्यंत आली, पण पुढं काहीच झालं नाही. मग विजेच्या अगदी क्षणभर आधी सूक्ष्म नळीतून तिथं कॅल्शियम सोडलं, आणि संदेश गेला. वीज पोचल्यानंतर सोडलं तर उपयोग नाही. वेळेवर हवं. कॅट्झना 1970 साली दोघा शास्त्रज्ञांसोबत नोबेल मिळालं.

अम्मीच्या हाडांच्या गोळ्यांचं उत्तर मला इथं मिळालं. रक्तातल्या कॅल्शियमची पातळी शरीर स्वतः काटेकोर सांभाळतं. गोळी खाल्ल्यानं नसेचा दरवाजा जास्त उघडत नाही आणि बंद केल्यानं मिटत नाही. प्रश्न कॅल्शियमचा नव्हताच, दरवाजाचा होता.

पण एक शंका मनात आली. अम्मी दहा वर्षांपासून बीपीसाठी अम्लोडिपिन घेते. मुलगी म्हणाली, तेही कॅल्शियम चॅनेल बंद करणारं औषध आहे. मग ते घेणाऱ्याच्या नसा बंद का पडत नाहीत? आपल्या घराघरांत लोक ही गोळी चहाबरोबर घेतात आणि पेपर वाचतात, भांडतात, हिशेब करतात. त्यांचा मेंदू चालतो कसा?

कारण दरवाजे एका जातीचे नाहीत. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत एक जात प्रमुख, ती बीपीच्या गोळीनं मिटते. संपर्कस्थानातल्या जाती वेगळ्या. या जाती वेगळ्या ओळखायला शास्त्रज्ञांना ज्यानं सर्वात जास्त मदत केली ते कुठलं यंत्र नव्हतं. ते विष होतं. आणि ते नागिणीचं नव्हे, गोगलगाईचं.

गोगलगाय म्हटलं की आपल्याला पोटात पाय असलेला, पावसाळ्यात भिंतीवर चढणारा गरीब जीव आठवतो. उष्ण समुद्रांत शंकूच्या आकाराच्या, नक्षीदार शंखात राहणाऱ्या गोगलगाई असतात. शास्त्रीय नाव कोनस. आपल्याकडे लक्षद्वीपला आणि मन्नारच्या आखातात त्या सापडतात. शंख इतका देखणा की उचलून खिशात घालावा वाटतो, आणि तीच चूक. तिच्या सोंडेत पोकळ दात असतो, भाल्यासारखा. मासा जवळ आला की तो भाला सुटतो आणि मासा लुळा पडतो. जी गोगलगाय पळू शकत नाही तिला मासा पळण्याआधीच थांबवावा लागतो, म्हणून विष इतकं जलद. कोनस जिओग्राफस ही जात माणसालाही मारते. श्वासाचे स्नायू बंद पडतात आणि त्यावर उतारा नाही.

फिलिपिन्समध्ये बाल्दोमेरो ऑलिव्हेरा नावाचा मुलगा लहानपणी असे शंख गोळा करायचा. तो मोठा होऊन अमेरिकेत शिकला, डीएनएवर चांगलं काम केलं आणि 1960च्या दशकाच्या अखेरीस मायदेशी परतला. मनिलात प्रयोगशाळा मिळाली, पण तिच्यात उपकरणं नव्हती. डीएनएचं काम करणं अशक्य. मग त्यानं विचार केला, आपल्याकडे असं काय आहे जे इतरांकडे नाही? गोगलगाई. त्या तिथल्या बाजारात खाण्यासाठी विकायला येतात. लुर्देस क्रुझ या सहकारी शास्त्रज्ञ बाईंसोबत त्यानं त्यांच्या विषाचं काम सुरू केलं. आमच्या शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप आणि आत चार परीक्षानळ्या असतात, तेव्हा मला हा माणूस आठवतो.

पुढं ऑलिव्हेरा अमेरिकेत युटा विद्यापीठात गेले. तिथल्या त्यांच्या दोन विद्यार्थ्यांची गोष्ट मी वर्गात मराठीच्या तासाला सांगतो, अभ्यासक्रमात नसली तरी. एक क्रेग क्लार्क. तो म्हणाला, विष उंदराच्या पोटात टोचण्यापेक्षा थेट मेंदूत टोचून बघू. विषाचे घटक वेगळे काढून एकेक टोचला, तर प्रत्येकाचा परिणाम निराळा. एका घटकानं उंदीर झोपला, एकानं तो खाजवत सुटला, एकानं थरथरायला लागला. म्हणजे हे एक विष नव्हतं, शंभराहून अधिक विषांची पेटी होती आणि प्रत्येकाचा पत्ता वेगळा. दुसरा मायकेल मॅकिंटॉश. हायस्कूल नुकतंच संपवून आलेला, अठरा वर्षांचा. म्हणजे माझ्या मुलीच्या वयाचा. त्यानं कोनस मॅगस, म्हणजे 'जादूगार' नावाच्या जातीच्या विषातून तो थरथरवणारा घटक शुद्ध स्वरूपात काढला. फक्त 25 अमिनो आम्लांची साखळी, तीन ठिकाणी गंधकाच्या टाक्यांनी शिवलेली. त्याचं नाव ओमेगा-कोनोटॉक्सिन.

हा रेणू जातो कुठं? सरळ त्या कॅल्शियमच्या दरवाजात. दाराच्या मधोमध बूच बसावं तसा बसतो. वीज येते, कॅल्शियम बाहेर ताटकळतं, पिशव्या भरलेल्या राहतात, रसायन सांडत नाही. पाठवणारा धडपडतोय, पलीकडचा वाट बघतोय आणि मध्ये सगळं गप्प. माशात हे नस आणि स्नायू यांच्यामध्ये घडतं, म्हणून मासा लुळा.

उंदीर मात्र लुळा पडला नव्हता, थरथरला होता. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सस्तन प्राण्यांत स्नायूंच्या दारावर वेगळ्या जातीचा दरवाजा आहे, पी-क्यू नावाचा. जादूगाराच्या विषाची किल्ली त्याला लागत नाही. ती लागते एन जातीच्या दरवाजाला. हा एन दरवाजा आपल्या मेंदूत आहेच, पण मेरुरज्जूच्या मागच्या भागात, जिथं अंगावरून आलेली दुखण्याची वर्दी पहिल्यांदा उतरते आणि पुढच्या पेशीच्या हवाली होते, तिथं त्याची भूमिका मोठी आहे. पी-क्यूची किल्ली अमेरिकेतल्या एका कोळ्याच्या विषात सापडली. असं एकेका विषानं एकेक दार दाखवलं. ज्याला आपण नुसतं 'चॅनेल' म्हणत होतो तिथं किती दारं आहेत, कुठलं कुठं आहे आणि ते मिटलं तर मेंदूत काय थांबतं, हे त्यातून समजत गेलं.

मग जे सुचायचं ते सुचलं. दुखण्याची वर्दी जिथं हवाली होते तिथलंच दार मिटवलं तर? माणूस हलेल, चालेल, श्वास घेईल, पण वर्दी पुढं जाणार नाही. गोगलगाईचा तो रेणू प्रयोगशाळेत जसाच्या तसा बनवला गेला. झिकोनोटाइड हे त्या औषधाचं नाव. अमेरिकेत त्याला डिसेंबर 2004मध्ये मान्यता मिळाली. ज्यांच्या दुखण्यावर दुसरं काही चालत नाही अशांसाठीच ते आहे. ते गोळीतून घेता येत नाही. कातडीखाली पंप बसवून बारीक नळीनं थेट मेरुरज्जूभोवतीच्या पाण्यात सोडावं लागतं. आणि ते साधं नाही. एन दरवाजे फक्त दुखण्याचेच नाहीत. स्मरणाचे, विचाराचे संदेशही तशाच दारांतून जातात. त्यामुळे काही रुग्णांना गोंधळ होतो, भास होतात, मन बिघडतं. डोस अगदी हळूहळू वाढवावा लागतो. दुखणं थांबवणारं आणि माणसाला हरवून टाकणारं, दोन्ही एकाच बुचात.

उर्दूचा मास्तर म्हणून इथं थोडं वळण घेतो. विषावरच्या उताऱ्याला आपण तिर्याक म्हणतो. शब्द अरबीतून आला, अरबीत ग्रीकमधून, आणि ग्रीकमध्ये त्याचं मूळ जंगली जनावराशी. जुन्या हकिमांच्या तिर्याकमध्ये चक्क सापाचं मांस पडायचं. इब्न सीनांच्या 'कानून'मध्येही तिर्याकची चर्चा आहे. गंमत म्हणजे फारसीत तिर्याक म्हणजे अफूसुद्धा. अफूतून मॉर्फिन, आणि मॉर्फिनही शेवटी याच एन दरवाजावर येऊन पोचतं. फक्त ते बूच घालत नाही. ते पेशीच्या दुसऱ्या कडीला हात घालतं आणि आतून निरोप धाडून दार ओढून घ्यायला लावतं. काही दिवसांनी पेशी त्या निरोपाला सरावते आणि मॉर्फिन वाढवत न्यावं लागतं. गोगलगाईच्या बुचाची तशी सवय लागत नाही. सापाचं मांस, अफू आणि गोगलगाय एका शब्दाच्या छपराखाली यावेत, हे भाषेला आधीच माहीत होतं असं मी म्हणणार नाही. पण शब्दकोश बंद करून मी थोडा वेळ तसाच बसलो होतो.

विषानं उलटंही घडतं. ब्लॅक विडो नावाच्या कोळ्याचं विष पडद्यात स्वतःचं नवं भोक पाडतं, कॅल्शियम लोंढ्यानं आत येतं आणि पिशव्या एकदम रित्या होतात. आपली मण्यार, पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला चावणारी, दार वगैरे बघत नाही. तिचं विष नसेचं टोकच उद्ध्वस्त करतं, म्हणून उशीर झाला की लस देऊनही श्वास लवकर परत येत नाही आणि कित्येक दिवस यंत्रावर ठेवावं लागतं. आणि कोकणातला लाल विंचू. त्याचं विष नसेतली वीजच थांबू देत नाही. वीज येतच राहते म्हणून दारं उघडतच राहतात, आणि अंगात अॅड्रेनालिनसारख्या रसायनांचा पूर येतो. हृदय त्या पुरात बुडतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथं काय केलं ते मराठी वाचकांना नव्यानं सांगायला नको. त्यांनी दारं मिटवायचा प्रयत्न केला नाही. प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी देऊन, रसायन जिथं पोचतं ते टोक झाकलं. पाठवणारा पाठवत राहो, घेणारा घेणार नाही. त्या गोळीनं शेकडो माणसं, त्यात कितीतरी मुलं, घरी परत गेली.

आता अम्मीच्या औषधाकडे. प्रीगाबालिनमध्ये कुठलंही विष नाही. पण ते त्याच दरवाजाशी निगडित आहे. बूच म्हणून नव्हे. दाराला एक जोडभाग असतो, चौकटीसारखा, जो दार नसेच्या टोकापर्यंत पोचवायला आणि तिथं बसवायला मदत करतो. जळालेल्या नसेत हा जोडभाग वाढतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. प्रीगाबालिन त्याला चिकटतं, मग टोकावर दारं कमी बसतात, कॅल्शियम कमी येतं, रसायन कमी सांडतं. पूर्ण गप्प नाही, फक्त आवाज कमी. या औषधाला अमेरिकेत मान्यता कधी मिळाली हे मुलीनं शोधलं: डिसेंबर 2004. गोगलगाईच्या औषधाला मिळाली तोच महिना. एक पंपातून मणक्यात जाणारं, मोजक्या लोकांच्या वाट्याला येणारं. दुसरं तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळणारं.

माझ्यासाठी यातली खरी गोष्ट दुसरीच होती. दुखणं म्हणजे जखम, जखम नाही तर दुखणं नाही, असं मी धरून चाललो होतो. पण अम्मीच्या कुशीत जखम नव्हती तरी तिच्या मेरुरज्जूत दारं खरोखर उघडत होती, रसायन खरोखर सांडत होतं, पलीकडची पेशी खरोखर जागी होत होती. कापसाच्या स्पर्शाची वर्दी आगीच्या नावानं वर जात होती. तिनं जे सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. आणि मी तिला सब्र शिकवत होतो. ज्यांचं नाव सब्रसाठी घेतलं जातं त्या हजरत अय्यूबांनीसुद्धा आपल्या रबला सांगितलं होतं की मला त्रास होतोय.

औषध सोपं गेलं असं नाही. पहिल्या आठवड्यात ती झोपेत असल्यासारखी चालायची. एकदा इशाच्या वुजूला उठताना तोल गेला, बायकोनं धरलं म्हणून वाचली. पायाला सूज आली. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि मग दर थोड्या दिवसांनी किंचित वाढवला. मधे एकदा अम्मीनं कॅप्सूल हातात फिरवून विचारलं, "इसका छिलका काहे का है?" जिलेटिन कशापासून बनतं हे तिनं कुठंतरी ऐकलं होतं. मी सांगू लागलो की मजबुरीत आलिम मुभा देतात वगैरे, तर डॉक्टरांनीच वाद मिटवला. तेच औषध कॅप्सूलऐवजी गोळीत लिहून दिलं. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी दिलं असतं, म्हणाले.

एका संध्याकाळी मी तिला गोगलगाईची सगळी गोष्ट दखनीत सांगितली. भाला, मासा, उंदीर, अठरा वर्षांचा पोरगा. ती तस्बीह फिरवत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "पर वो गोगलगाय हलाल है क्या?"

मी म्हटलं, औषधात गोगलगाय नसते अम्मी, तिचा नुसता नमुना बघून कारखान्यात तयार करतात.

"फिर ठीक है," ती म्हणाली. थोडा वेळ थांबून, "मेरेकू तो कोई मासा नहीं समझा ना. मैं हिली नहीं तो बोले अच्छी हूं."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "हौ, चाय पी."

आता पाच-सहा महिने झाले. आग गेलेली नाही, पण शेजारच्या खोलीत गेली आहे, असं ती सांगते. ईदला तिनं कडक इस्त्रीची सुती साडी नेसली आणि दुपारपर्यंत ठेवली. अब्बांचा कुर्ता मात्र अजून पेटीत गेलेला नाही. तिच्या पलंगाशेजारच्या खुंटीवर आहे. कधीतरी रात्री लागतो, म्हणते.